मोडीतलं नाणं

सूनबाईनं झिजलेलं नाणं काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखला आणि मग ते उचलून डावीकडच्या ढिगात टाकलं.

“मोड,” ती म्हणाली.

डावीकडे मोड, म्हणजे वितळवायची चांदी. उजवीकडे ठेवायची नाणी, ती अगदी मोजकी. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि समोर बसलेल्या सासूबाई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एकेक नाणं काढून, रुमालानं पुसून तिच्या हातात देत होत्या. सगळी जुन्या राजाच्या छापाची. सासऱ्यांनी ती हयातभर जमवली होती, आणि ते गेल्यावर डबा कपाटात तसाच पडून होता. आता त्यांच्या मुलाला बाइंडिंगचं स्वतःचं दुकान काढायचं होतं. कागद कापायचं एक जुनं मशीन स्वस्तात मिळत होतं आणि चांदीचा भाव नेमका चढला होता. तेव्हा डबा खाली उतरला.

निवडायचं काम सूनबाईनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिला नाव होतं, नाही असं नाही. पण शेजारणीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळी गल्ली तिला सूनबाईच म्हणायची, आणि त्यातल्या ‘बाई’वर जरा जोर द्यायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. मुदत संपलेली औषधं कपाटातून वेगळी काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाण्यांसाठी तिनं दुकानातला जुना काटा आणला होता, कागदी पाकिटं आणली होती आणि नियमही ठरवून टाकला होता. वजन पुरं आणि छाप ठसठशीत, तर ठेवायचं. झिजलेलं, ठोकलेलं, डाग देऊन बुजवलेलं, ते मोडीत. नियम चुकीचा नव्हता. सराफानंही तोच सांगितला असता.

अडचण सासूबाईंची होती. त्यांना प्रत्येक नाण्यामागे काहीतरी आठवत होतं. हे ह्यांनी पैजेत जिंकलेलं, आणि मग तो मित्र वर्षभर बोलत नव्हता. हे सायकल विकून घेतलेलं, त्यावरून घरात तीन दिवस अबोला. सूनबाई नजर काट्यावर ठेवून ‘हं’ म्हणत होती. गिऱ्हाईक औषध सोडून जावयाच्या तक्रारी सांगायला लागलं की ती दुकानात म्हणायची, अगदी तसंच.

“हे माझ्या वडिलांचं,” सासूबाई म्हणाल्या. “याला एक खूण आहे बघ. कडेला…”

पुढे त्या बरंच काही सांगत होत्या. पण काट्यावरचा आकडा हलत होता आणि सूनबाईचं लक्ष आकड्यात होतं. तो थांबला. वजन बरंच कमी भरलं. राजाचे नाकडोळे तर कधीच पुसले गेले होते.

“मोड.”

“हे एक राहिलं असतं तर…”

“आई, प्रत्येकाच्या वडिलांचं ठेवत बसलो तर मशीन काय कौतुकानं येणार आहे?”

सासूबाईंनी ते नाणं तिच्या हातातून घेतलं, क्षणभर अंगठ्याखाली धरलं आणि स्वतःच डावीकडच्या ढिगात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग त्यांनी डब्यात हात घालून पुढचं काढलं.

डबा रिकामा झाल्यावर सूनबाईनं आपली मखमली पेटी आणली. पेटीत पाच खळगे आणि पाच खळग्यांत पाच नाणी. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी ती पेटी भर मांडवात उघडून सगळ्यांपुढे धरली होती. सिनेमाच्या तिकीटखिडकीमागे आयुष्य काढलेला माणूस. पण बोलणं असं, की थिएटर जणू त्याच्याच मालकीचं. त्या दिवशी सासरच्या मंडळींच्या भुवया वर गेलेल्या तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. नंतरच्या वर्षांत घरात काही वाजलं, कुणी काही टोचून बोललं, की ती मनातल्या मनात त्या पेटीवर हात ठेवून उभी राहायची.

तिनं पाचही नाणी वजन करून पाहिली. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळी सारखी. शिवाय प्रत्येकावर राजाच्या कानाखाली टाचणीच्या डोक्याएवढा एक खड्डा होता, पाचांनाही अगदी त्याच जागी.

“बघा,” ती म्हणाली. “पाचही एकाच बॅचची. ही टाकसाळीची खूण असणार.”

तिचा सगळा दिवस एकसारख्या गोळ्यांत जायचा. तिच्या दुकानात सारखं दिसेल ते अस्सल आणि एखादं पाकीट वेगळं दिसलं तर ते संशयाचं. तिला दुसरं काही सुचलं नाही, यात नवल नव्हतं.

सासूबाईंनी नाणी हातात घेतली नाहीत. त्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागल्या होत्या.

“ती राहू दे घरी,” त्या म्हणाल्या.

“का? माझ्या माहेरची आहेत म्हणून?”

“तसं नाही गं.”

“मग नेऊ की. विकायची थोडीच आहेत. सराफ बघून सांगेल काय ते. ताईंच्याही कानावर जाऊ दे.”

खरं कारण हे शेवटचं होतं. नणंद सराफाकडे येणार होती. मागाहून शब्द नको, म्हणून नवऱ्यानंच बहिणीला बोलावलं होतं. सकाळी बाबांचाही फोन येऊन गेला होता. आपली तेवढी देऊ नका, ती ठेवायची असतात, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. देणार कोण होतं? किंमत तेवढी काढायची होती, आणि तीही चारचौघांत. सूनबाईनं पेटीतली नाणी तिसऱ्या पाकिटात घातली. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चपला शोधायला त्या दाराकडे गेल्या.

सराफाचं दुकान अरुंद होतं. काचेच्या काउंटरपुढे तीन स्टुलं मावायची आणि त्यातलं एक नणंदेनं आधीच धरलं होतं. नणंद मोकळी बाई होती. हसायला लागली की रस्त्यावरचा माणूस वळून पाहायचा, आणि मनात आलेलं ओठांवर यायला तिला फार वेळ लागत नसे. सराफानं वजन करण्याआधी पंखा बंद केला. वाऱ्यानं काटा हलतो, असं त्यानं सांगितलं. दुकानात लगेच उकडायला लागलं.

दोन पाकिटांचं काम झटपट झालं. सराफानं ठेवायची नाणी भिंगातून पाहिली आणि मोडीचा ढीग बोटांनी परतला.

“कुणी निवडली? चांगली निवडलीत. माझं काम वाचलं.”

सूनबाईनं नणंदेकडे बघितलं नाही, पण ती स्टुलावर जरा सरळ बसली. मग तिनं तिसरं पाकीट पुढे सरकवलं. ही विकायची नाहीत, नुसती बघा, असं म्हणाली.

सराफानं पाचही नाणी काचेवर ओळीनं मांडली. भिंग उचललं नाही. चष्म्यावरून एकदा सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा नाण्यांकडे. मग मोडीतलं एक झिजकं नाणं घेऊन त्यानं ते काचेवर आपटलं. त्याचा आवाज दुकानभर रेंगाळला. त्यानंतर त्यानं पाचांतलं एक आपटलं. ते नुसतंच आपटलं.

“इतकी वर्षं हातोहात फिरलेली नाणी सारखी कशी राहतील?” तो हळू आवाजात म्हणाला. “एक इथं झिजतं, एक तिथं. ही एका साच्यातून ओतलीत. साच्याला खड्डा होता, तो सगळ्यांना आला. वरून चांदीचं पाणी दिलंय. आत गिलट.”

सूनबाईला आधी ते शब्द नुसते ऐकू आले. अर्थ मागून आला आणि तो थेट कानाच्या पाळ्यांत शिरला, त्या तापल्या. पाच वर्षं ती ज्या पेटीवर मनातल्या मनात हात ठेवून उभी होती, ती पेटी गिलटाची होती. आणि ते कळायला तिनं नणंदेला साक्षीला बसवलं होतं.

सराफ सासूबाईंकडे वळला.

“आजी, मागं चमच्याच्या वेळी तुम्ही यातलंच एक…”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या माहेरची आहेत ती. वडिलांनी दिलेली.”

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की सराफाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यानं ते मिटलं आणि काटा पुसायला घेतला.

नणंद हसायला लागली. आजोबा म्हणजे एवढे नाकानं कांदे सोलणारे, शेजाऱ्याकडचा चहासुद्धा पातळ म्हणून परत पाठवणारे, आणि पोटच्या पोरीला गिलट दिलं? बरं झालं गेले, नाहीतर आज विचारलंच असतं. सासूबाईही थोडं हसल्या. फसले असतील बिचारे, म्हणाल्या. नणंद म्हणाली, फसले कसले, फसवलं म्हण. सासूबाईंनी त्यावर मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही. त्या काचेखालच्या अंगठ्या बघत होत्या.

बोलायला एक वाक्य पुरलं असतं. सूनबाईच्या घशाशी ते आलंही होतं. पण ते वाक्य बोललं की बाबा या काचेवर उघडे पडणार होते, पेटी दोन्ही हातांनी वर धरून, भर मांडवात. तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग पुन्हा एकदा केला.

सराफानं मोड तराजूच्या ताटलीत ओतली. त्या ढिगात सासूबाईंच्या वडिलांचं नाणं होतं, खरं, झिजलेलं, खणखण वाजणारं. कदाचित मघाशी काचेवर वाजलं तेच असेल. ते बाजूला काढा म्हणावं, तर नणंद विचारणार, का? आजोबांचं हे, तर मग ही पाच कुणाची? सूनबाईला कुठल्याच बाजूला हलता येईना. काटा स्थिर झाला. सराफानं हिशेब केला, नोटा दिल्या, पंखा लावला. पाच नाणी त्यानं कागदात गुंडाळून सासूबाईंच्या हातावर ठेवली आणि सूनबाईकडे बघायचं टाळलं.

परतताना नणंद सोबत घरी आली. वाटेत आणि घरी आल्यावर तिनं आजोबांची गोष्ट सांगून घेतली. संध्याकाळी भाऊ आल्यावर त्यालाही सांगितली, यावेळी आजोबांच्या आवाजाची नक्कल करून. तो दमून आला होता, तरी हसला. मशीनचं जमतंय म्हणून खुशीतच होता. मग त्यानं सहज बायकोला विचारलं, तुझ्या बाबांची दाखवलीस का गं? भारी निघाली असतील.

“ती कशाला न्यायची?” सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांनीच उत्तर दिलं. “ती घरीच आहेत, पेटीत.”

आणि खरंच ती पेटीत होती. सूनबाईनं कपाट उघडून पाहिलं, तेव्हा पाचही नाणी आपापल्या खळग्यात बसवलेली होती, राजाचं तोंड एकाच बाजूला करून.

चमचाही त्याच कप्प्यात असायचा, पण आत्ता तो सूनबाईच्या लहानग्या लेकीच्या हातात होता. ती खुर्चीवर बसून त्या चमच्यानं भात खात होती, निम्मा खाली सांडत होती. लेकीच्या जन्मानंतर सासूबाईंनी आणलेला चांदीचा चमचा. तेव्हा सूनबाईनं फोनवर आपल्या आईला सांगितलं होतं, आजीनं नातीला चमचा आणलाय, नाकात घालायलाही पुरायचा नाही. दार उघडं होतं आणि सासूबाई बाहेर कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्याच सुमाराला त्यांच्या कानातली टपोरी फुलं जाऊन बारीक ठिपके आले होते. तिनं विचारलं तेव्हा, जड होत होती, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. नातीला आजोळच्या चांदीचा चमचा करावा, म्हणून त्या पेटीतलं नाणं घेऊन गेल्या असणार. परत आल्या त्या स्वतःचे कान हलके करून आणि तोंड मिटून.

सूनबाईला तिथं कपाटापाशी उभं राहवेना. ती गॅलरीत गेली, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

काय ठरलं, भाव काय मिळाला, मशीन कधी येणार, हे सगळं त्यांनी विचारलं. मग आवाज जरा खाली आला.

“आपली सराफाला दाखवली नाहीत ना?”

“नाही,” ती म्हणाली.

पलीकडे बाबांनी श्वास सोडला. लहानपणी ती त्यांच्या तिकीटखिडकीत जाऊन बसायची. शेवटचा खेळ सुरू झाला आणि गल्ला जुळला की ते असाच श्वास सोडायचे. तिला तो ओळखू आला, आणि उरलंसुरलं सगळं कळलं. बाबा फसले नव्हते.

“बरं केलंस. ती ठेवायची असतात,” ते म्हणाले. “सासूबाईंना नमस्कार सांग.”

तिला बापाचा राग यायला हवा होता. लाजच वाटली, त्याची, आणि त्याहून जास्त स्वतःची. बाबा निदान एकदाच खोटं बोलले होते, तेही लेकीचं लग्न साजरं व्हावं म्हणून. तिनं तर आज दुसऱ्याच्या मेलेल्या बापाला हसू दिलं होतं. आत नणंद पुन्हा आजोबांची नक्कल करत होती आणि सासूबाई तिला आणखी वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती सराफाकडे गेली. तो काचा पुसत होता. तिला बघून त्यानं फडकं बाजूला ठेवलं आणि तिनं काही विचारायच्या आधीच स्वतःची बाजू मांडायला सुरुवात केली.

“काल जीभ घसरली माझी. आजींनी तेव्हाच सांगितलं होतं, सुनेच्या कानावर जाता कामा नये. मला वाटलं, आता तुम्हीच घेऊन आलात म्हणजे…”

“काका, कालच्या मोडीतलं एक नाणं परत हवंय,” ती म्हणाली.

निम्मी मोड काल संध्याकाळीच भट्टीत गेली होती. राहिलेली ट्रेमध्ये होती, दुपारी जाणार होती. सराफानं काउंटरवर कापड पसरलं आणि ट्रे त्यावर पालथा केला.

“कोणतं ते बघा.”

सूनबाई वाकली. राजाची तोंडं, सगळी पुसलेली. एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. ही सगळी नाणी तिच्या हातातून गेली होती. एकेकाला तिनं काट्यावर बसवलं होतं, आणि एकाचंही तोंड तिला आठवत नव्हतं. बाबांची पाच तिनं डोळे मिटूनही ओळखली असती. सासूबाईंनी खूण सांगितली होती. कडेला, म्हणाल्या होत्या. कडेला काय, ते ऐकायला ती तिथं नव्हती.

वजन आठवत होतं. पण कमी वजनाचं एक असतं तर ना.

सराफ पंखा बंद करायला उठला, मग वजन करायचं नाही हे लक्षात येऊन परत बसला. सूनबाईनं फोन काढला. नंबर लावून ती दाराकडे तोंड करून उभी राहिली.

“आई, मी सराफाच्या दुकानातून बोलतेय.”

“काय झालं? पैशात काही चुकलं का?”

“नाही. तुमच्या वडिलांच्या नाण्याची खूण काय होती?”

पलीकडे ताटलीवर चमचा आपटत होता.

“आता कशाला ते?” सासूबाई म्हणाल्या.

“मी काल ऐकलं नव्हतं. पुन्हा सांगा.”

“भोक पाडलं होतं त्याला, कडेपाशी. मी लहानपणी गळ्यात घालायचे. पुढे घरात नड आली, वडिलांनी विकायला काढलं. विकवलं नाही त्यांच्यानं. मग भोक बुजवून घेतलं आणि परत आणलं. डोळ्यांना दिसायचं नाही ते. नखाला लागतं.”

“आई, ताईंना मी सांगणार आहे.”

“आधी नाणं बघ, आहे का ते,” सासूबाई म्हणाल्या. “मग बोलू.”

सूनबाईनं फोन पर्समध्ये टाकला आणि स्टूल पुढे ओढलं. सराफानं दिवा लावून काउंटरवर खाली ओढला. तो नको, असं तिनं हातानंच सांगितलं. मग तिनं कापडावरचं पहिलं नाणं उचललं आणि त्याच्या कडेवरून हळूच नख फिरवायला सुरुवात केली.